गप्पांच्या खिडकीतले तिकीटघर

पासिंग आउट परेडसाठी गावाकडून येणारे आईवडील चेन्नई विमानतळावर उतरतात, तेव्हा त्यांच्यापुढे पहिली अडचण भाषेची असते. रिक्षावाल्याशी बोलायचे कसे आणि पत्ता सांगायचा कसा? खरे तर मेट्रोने यायचे झाले तर दोनच स्थानके लागतात. विमानतळानंतर मीनांबाक्कम, आणि त्यापुढचे नंगनल्लूर रोड. या दुसऱ्या स्थानकाच्या नावालाच ‘ओटीए’ ही आपली अक्षरे जोडलेली आहेत. तिकिटासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही आणि फोनमध्ये नवे अ‍ॅपही घ्यावे लागत नाही. चेन्नई मेट्रोच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर ‘हाय’ एवढे लिहून पाठवायचे. समोरून पर्याय येतात. कुठून, कुठे आणि किती माणसे ते निवडायचे, पैसे भरायचे, की त्याच गप्पांत क्यूआर तिकीट येऊन पडते. ते फाटकावर दाखवले की दार उघडते.

ही सोय 17 मे 2023 रोजी सुरू झाली. बंगळुरूच्या ‘नम्म मेट्रो’ने त्याआधी, 1 नोव्हेंबर 2022 रोजी, असेच तिकीटघर उघडले होते. आज या गोष्टीचे कोणाला नवल वाटत नाही. पण संगणकाची आवड असलेल्या छात्राने येथे जरा थांबून विचार करावा. मेट्रोने प्रवाशाला आपल्या दारात बोलावले नाही. प्रवासी जिथे दिवसभर असतो, त्या गप्पांच्या खिडकीतच तिने आपले तिकीटघर मांडले. असे छोटे दुकान आपल्यालाही मांडता येईल का? त्यातून प्रामाणिक कमाई होईल का? आणि दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडताना कोणती काळजी घ्यावी? या तीन प्रश्नांचा हा लेख आहे.

कल्पना कुठून आली

गप्पांच्या अ‍ॅपमध्ये छोटी अ‍ॅप चालवण्याची पद्धत प्रथम मोठ्या प्रमाणावर रुजली ती चीनमध्ये. वीचॅट या संदेशसेवेने 9 जानेवारी 2017 रोजी ‘मिनी प्रोग्रॅम’ सुरू केले. सुरुवातीला अशा एका प्रोग्रॅमला जेमतेम 1 एमबी जागा मिळत असे. एवढ्यात मोठी चित्रे मावत नाहीत, पण बसचे तिकीट, हॉटेलची मागणी किंवा दवाखान्याचा नंबर आरामात मावतो. लोकांना तेच हवे होते. महिन्यातून एकदा लागणाऱ्या कामासाठी कोणी फोनमध्ये वेगळे अ‍ॅप ठेवायला राजी नसतो.

टेलिग्रामने 2015 मध्ये ‘बॉट’, म्हणजे आपोआप उत्तर देणारी खाती, सुरू केली. एप्रिल 2022 मध्ये बॉटच्या आतच पूर्ण वेब पान उघडण्याची सोय दिली. व्हॉट्सअ‍ॅपने 20 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईतल्या कार्यक्रमात ‘फ्लोज’ जाहीर केले. गप्पा न सोडता अर्ज भरणे, वेळ ठरवणे, आसन निवडणे अशी कामे त्यात होतात.

आपल्या चेन्नईलाही या विद्येचे केंद्र आहे. अकादमीसमोरून जाणाऱ्या जीएसटी रोडने दक्षिणेकडे गेले की गुडुवांचेरीजवळ झोहो कंपनीचे आवार लागते. तिच्या ‘क्लिक’ या कार्यालयीन गप्पांच्या सेवेत बॉट, छोटे फलक आणि ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे बाहेरच्या माणसालाही बनवता येतात. त्यासाठी ‘डेल्यूज’ नावाची सोपी प्रोग्रॅमिंग भाषा आहे. बनवलेली वस्तू कंपनीच्या बाजारपेठेत मोफत ठेवता येते किंवा विकताही येते. याच कंपनीने 2021 मध्ये ‘अरट्टै’ ही सामान्यांसाठीची संदेशसेवा आणली. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पाटप्पा.

पडद्यामागे काय घडते

समजायला ही रचना अवघड नाही. तिच्यात तीन ठिकाणे असतात: ग्राहकाचा फोन, संदेशसेवेचा सर्व्हर आणि आपला सर्व्हर. ग्राहकाने संदेश पाठवला की तो आधी संदेशसेवेकडे जातो. आपण आपल्या सर्व्हरचा पत्ता तिथे आधीच नोंदवलेला असतो. संदेशसेवा तो मजकूर त्या पत्त्यावर पोचवते. आपला प्रोग्रॅम तो वाचतो, उत्तर तयार करतो आणि त्याच वाटेने परत पाठवतो. सिग्नल्सच्या भाषेत सांगायचे तर मधले एक्स्चेंज दुसऱ्याचे असते आणि दोन्ही टोकांचे बोलणे आपले.

साध्या संदेशांनी भागत नसेल तेव्हा छोटे वेब पान उघडायचे. हे पान नेहमीच्या संकेतस्थळासारखेच एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. बारावीपर्यंत संगणकशास्त्र घेतलेल्या छात्राला पहिले साधे पान आठवडाभरात उभे करता येईल. अवघड भाग तिथून पुढे सुरू होतो: समोर कोण आहे हे ओळखणे, आणि पैसे खरोखर आले का हे पाहणे.

ओळखीचे उदाहरण फाटकावरचे घ्या. एखादा माणूस येऊन म्हणाला, “मी कॅप्टन अमुक,” तर पहारेकरी त्याच्या शब्दावर आत सोडत नाही, ओळखपत्र मागतो. टेलिग्राममध्ये पान उघडताना ग्राहकाची माहिती येते आणि तिच्यासोबत सहीसारखा एक आकडा येतो. तो आकडा आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने पडताळायचा असतो, आणि ही पडताळणी आपल्या सर्व्हरवर करायची, ग्राहकाच्या फोनवर नाही. नवशिके ही पायरी टाळतात, कारण तिच्यावाचूनही अ‍ॅप चालते. मग कोणीही दुसऱ्याचे नाव घालून दुसऱ्याचा हिशेब उघडू शकतो.

पैशांचेही तसेच. ग्राहकाने ‘पैसे भरले’ म्हणून स्क्रीनचे चित्र पाठवले तर ते मानायचे नाही. असे चित्र बनवायला दोन मिनिटे पुरतात. पैसे जमा झाल्याचा निरोप बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून थेट आपल्या सर्व्हरला आला, तरच माल द्यायचा. शिवाय तोच निरोप कधी कधी दोनदा येतो. म्हणून प्रत्येक पावतीला वेगळा क्रमांक हवा, आणि एका क्रमांकावर माल एकदाच सुटला पाहिजे. कोतात शस्त्र देताना नोंद होते, त्याच शिस्तीने.

एक नमुना: गलईचे दुकान

आता एक काल्पनिक, पण आपल्या माणसांतले उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातले गलई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूसह देशभर पसरले आहेत. सराफ त्यांच्याकडे मोडीचे सोने देतात. ते वितळवून शुद्ध करायचे, लगड पाडायची आणि टंच सांगायचा, हे गलईवाल्याचे काम. माल भट्टीत असतो आणि इकडे फोन वाजत राहतो: “झाले का हो?” हातात चिमटा, समोर मूस तापलेली, आणि फोन घ्यायचा कसा?

समजा, आपण यांच्यासाठी एक छोटे अ‍ॅप केले. सराफाने गप्पांत चिठ्ठीचा क्रमांक लिहायचा. उत्तर येणार: ‘मिळाले’, ‘भट्टीत’, ‘तयार’. तयार झाल्यावर मजुरीचे बिल आणि यूपीआयने पैसे भरायची जोडणी. दुकानात पोराने एका पानावर तीनपैकी एक बटण दाबायचे, एवढेच. वजन आणि टंच मात्र संदेशात लिहायचे नाहीत. कोणाचे किती सोने कुठे आहे, ही बातमी उघड्यावर पडता कामा नये.

या अ‍ॅपमध्ये चमकदार काहीच नाही. पण ते एक खरे दुखणे मिटवते, आणि ते दुखणे रोजचे आहे. पैसे मिळतात ते याच कारणाने. नवी कल्पना सुचली की आधी चार दुकानदारांकडे जाऊन एक दिवस नुसते बसावे. त्यांचा वेळ कुठे जातो ते वहीत टिपावे. प्रोग्रॅम त्यानंतर लिहावा.

पैसा कोण देतो?

कमाईच्या वाटा मुख्यतः चार. ग्राहकाकडून दर कामाला थोडे पैसे घेणे, दुकानदाराकडून महिन्याची ठरावीक वर्गणी घेणे, विक्रीवर दलाली घेणे, किंवा जाहिराती दाखवणे. जाहिरातीच्या वाटेला लाखो वापरणारे लागतात, दलालीला मोठी उलाढाल लागते. एकट्या माणसाला झेपते ती वर्गणी.

हिशेब मांडून पाहू. समजा, 12 दुकाने आणि प्रत्येकी महिना 250 रुपये. जमा 3,000 रुपये. सर्व्हरचे 600 आणि संदेशांचे 400 गेले तर उरले 2,000. महिन्यात दुरुस्ती आणि दुकानदारांच्या शंका यांत 10 तास गेले, तर तासाला 200 रुपये पडले. यात शिकायला आणि पहिले अ‍ॅप बनवायला लागलेले महिने धरलेले नाहीत. ‘अ‍ॅप बनवा, लाखो कमवा’ असे सांगणाऱ्या जाहिराती हा साधा हिशेब कधी दाखवत नाहीत.

खर्चाची बाजू नीट वाचावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाने आधी संदेश पाठवला, तर त्यानंतर 24 तासांपर्यंत दुकानाला मोकळेपणी उत्तरे देता येतात. ती मुदत संपली की आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच संदेश पाठवता येतो आणि त्याला दर पडतो. जाहिरातीच्या संदेशाचा दर माहितीच्या संदेशापेक्षा जास्त असतो. म्हणून आपल्या नमुन्यात सराफाने विचारायचे आणि दुकानाने उत्तर द्यायचे, असा क्रम ठेवला आहे. रचना बदलली की खर्च बदलतो. दिवसाला पन्नास जणांना ‘शुभ सकाळ’ पाठवणारे अ‍ॅप मालकाचा खिसाही रिकामा करते आणि ग्राहकालाही नकोसे होते.

पैसे स्वीकारण्याच्या बाबतीत भारतातला विक्रेता सुदैवी आहे. यूपीआय ही एका कोणत्या गप्पांच्या कंपनीची मालमत्ता नाही. ती मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने, 2016 मध्ये उभी केली. जानेवारी 2020 पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला बँकेचे शुल्क लागत नाही. मधली पेमेंट कंपनी घेतली तर तिचे सेवाशुल्क तेवढे वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपलासुद्धा या रस्त्यावर यायला परवानगी घ्यावी लागली. 5 नोव्हेंबर 2020 रोजी ती मिळाली, तीही सुरुवातीला 2 कोटी वापरकर्त्यांपुरती. ही मर्यादा वाढत वाढत 31 डिसेंबर 2024 रोजी उठली.

टेलिग्रामवर गोष्ट निराळी आहे. तिथे ई-पुस्तक, खेळातले गुण अशा डिजिटल वस्तू ‘स्टार्स’ या त्यांच्याच चलनात विकाव्या लागतात. 2024 पासूनच्या या व्यवस्थेमागे अ‍ॅपल आणि गूगलचे नियम आहेत. जमलेले स्टार्स टोनकॉइन या आभासी चलनात काढता येतात. भारतात आभासी चलनाच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. हे ठाऊक नसताना नुसता स्टार्सचा आकडा पाहून हुरळून गेलेला माणूस वर्षअखेरीस गोंधळतो. 2024 मध्ये टेलिग्रामवर फोनच्या पडद्यावर बोट टेकवत नाणी गोळा करण्याच्या खेळांची लाट आली होती. कोट्यवधी लोकांनी त्यात तासन् तास घालवले आणि बहुतेकांच्या हाती फारच थोडे आले. ज्या अ‍ॅपमुळे कोणाचे काम हलके होत नाही, त्याचे पैसे कुठून येतात, हा प्रश्न नेहमी विचारावा.

घरमालकाच्या हाती किल्ली

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गप्पांच्या खिडकीत दुकान मांडले की गिऱ्हाईक आयते मिळते, पण जागा दुसऱ्याची असते. मालकाने नियम बदलला, भाडे वाढवले किंवा कुलूप लावले तर दुकान त्या दिवसापुरते बंद होते, कधी कायमचे.

ही भीती कल्पनेतली नाही. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होते. त्या बंदीला देशाच्या सुरक्षेचे कारण होते आणि ते योग्यच होते. पण त्या वाटेवर एखाद्या भारतीयाचे दुकान असते, तर त्याला आवराआवर करायला एक दिवसही मिळाला नसता. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. ऑक्टोबर 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने व्यवसायांसाठीचे नियम बदलून जाहीर केले, की 15 जानेवारी 2026 पासून सर्वसाधारण गप्पा मारणारे एआय सहायक या मंचावर चालवता येणार नाहीत. ज्यांचा सगळा धंदा त्यावरच उभा होता, त्यांना हातात तीन महिने मिळाले.

मग मेट्रोचे तिकीटघर निश्चिंत कसे? कारण तिने एकाच दारावर भरवसा ठेवलेला नाही. तिकीट खिडकीवर मिळते, यंत्रावर मिळते, मेट्रोच्या स्वतःच्या अ‍ॅपवर मिळते, कार्डाने प्रवास करता येतो, पेटीएम आणि फोनपेवरही तिकीट निघते. व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले तर थोडी गैरसोय होईल, गाडी थांबणार नाही. प्रवाशांची नोंद आणि तिकिटाचा हिशेब ठेवणारी मूळ व्यवस्था गप्पांच्या खिडकीबाहेर आहे.

लहान दुकानानेही हेच करावे. गलईच्या चिठ्ठ्यांची वही आपल्या सर्व्हरवर असावी, गप्पांच्या इतिहासात नव्हे. त्या वहीची प्रत रोज दुसरीकडे उतरवावी. तेच पान गप्पांशिवाय साध्या ब्राउझरमध्येही उघडले पाहिजे. ग्राहकाला दुसरी वाट आधीच सांगून ठेवावी. सैन्यात संपर्काचे एकच साधन धरून कोणी योजना आखत नाही. वायरलेस बंद पडला तर काय, हे आधीच ठरलेले असते.

दोन पहारे

पहिला पहारा दुसऱ्यांच्या माहितीवर. आपल्या अ‍ॅपकडे लोकांचे नाव, फोन क्रमांक, कधी पत्ता येतो. त्याविषयीचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. सोप्या शब्दांत त्याचा सांगावा असा: कामापुरतीच माहिती घ्या, कशासाठी घेता ते सांगा, काम झाले की पुसा. 18 वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. शाळेसाठी अ‍ॅप बनवणाऱ्याने हे आधी वाचावे.

दुसरा पहारा स्वतःवर. तुकडीचे नाव, ठिकाण, हालचालीची वेळ, सोबत्यांचे क्रमांक यांपैकी काहीही अशा अ‍ॅपमध्ये जाता कामा नये, मग ते अ‍ॅप मित्राने बनवलेले का असेना. जुलै 2020 मध्ये सैन्याने जवान आणि अधिकाऱ्यांना 89 अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली होती, त्यामागचा विचार हाच. मेसचा हिशेब, क्रीडास्पर्धेचे वेळापत्रक अशा सोयीसाठी काही बनवायचे झाले, तरी आधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी.

पालकांसाठीही दोन शब्द. गप्पांच्या आत चालणारे खरे छोटे अ‍ॅप कधीही एपीके फाइल उतरवायला सांगत नाही. लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा बँकेचा निरोप म्हणून तशी फाइल आली तर उघडू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर कळवा.

आपल्याला याचा उपयोग काय?

गणवेशात असताना खासगी धंदा करता येत नाही. सेवानियम तसे सांगतात आणि प्रशिक्षणाच्या काळात छात्राला तेवढा वेळही नसतो. मग हे शिकायचे कशाला? याचे उत्तर आपल्या कमिशनमध्येच आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन 10 वर्षांचे असते, पुढे 4 वर्षे वाढवता येते. म्हणजे येथून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच जण पस्तिशी-चाळिशीच्या आसपास पुन्हा एकदा नव्या रांगेत उभे राहणार आहेत. त्या दिवशी हाताशी एखादी विद्या असेल, तर दुसऱ्याच्या शिफारशीची वाट पाहावी लागणार नाही.

आज एवढे करता येईल. सुट्टीत गावी गेलात की काकांच्या दुकानात, आत्याच्या पोळीभाजी केंद्रात किंवा गावातल्या पिठाच्या गिरणीत एक दिवस बसा. लोक तोच तोच प्रश्न किती वेळा विचारतात ते मोजा. त्या एका प्रश्नाचे उत्तर देणारा छोटा बॉट बनवा आणि तो त्यांना फुकट वापरू द्या. महिन्याभराने तो बंद पडला आणि त्यांनी “अरे, ते तुझे चालत नाही, बघ जरा” असा फोन केला, तर समजा की तुम्ही उपयोगाची वस्तू बनवली आहे. फोन आलाच नाही, तर वही उघडा आणि दुसरा प्रश्न शोधा.